दारूचं पोट

प्रिय बेनिता,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला ठेवशील, हे मला ठाऊक आहे. ठेव. शिलाई मशीनवरचं काम उरक, जेवून घे, आणि मग कधीतरी उघड. फोनवर माझं नाव दिसलं की तू फोन पालथा घालतेस, असं हुस्ता आत्याच्या तोंडून निघून गेलं. नंतर बिचारी जीभ चावत बसली. पण बरं झालं बोलली ते. नाहीतर रोज संध्याकाळी मी फोन उशाशी घेऊन बसलो असतो. कागद निदान वाजत तरी नाही. आपल्या गल्लीतला एकजण तुझ्या ब्यूनोस आयर्सला जाणाऱ्या बसवर चालक आहे, त्याच्या हाती हे पाठवतोय. मला पत्रं लिहायची सवय नाही. आयुष्यभर जे काही लिहिलं ते बँडच्या पोरांसाठी सुरावटी. तेव्हा इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घे.

मी सध्या वर डोंगरावर, आपल्या ओरुरोत नाही, कोचाबांबाला आहे. इथे खाली हवा जड आहे, श्वासाला बरी. खोली कुठे मिळाली ते वाचून तू कपाळाला हात लावशील. चिचा, ती मक्याची दारू, विकणाऱ्या एका बाईच्या मागच्या अंगणात. तिच्या दारावर ताजी चिचा तयार असल्याचं पांढरं निशाण असतं, आणि दुपारपासून मक्याच्या त्या आंबूस वासाने माझी चादरसुद्धा भरून जाते. गिऱ्हाइकं मला हाका मारतात, "या की मास्तर, एक वाटी घ्या आमच्याबरोबर!" मी मान हलवली की त्यांना वाटतं, ओरुरोचा माणूस भाव खातोय. मग घरमालकीणच आतून ओरडते, "सोडा रे त्याला! छाती उघडून आलाय तो माणूस. तुम्ही काय त्याचा जीव घेणार?"

हो, छाती उघडली होती. घाबरू नकोस. मी चालतो, जेवतो, अंगणातल्या नळावर स्वतःचे कपडे स्वतः धुतो. पण हे सगळं नीट सांगायचं तर आधी माझ्या पोटाबद्दल सांगायला हवं. त्या पोटाची तुला केवढी लाज वाटायची ते मला कळत होतं. तू शाळेत वरच्या वर्गात गेलीस तेव्हापासून ते वाढायला लागलं. पट्ट्याला मी खिळ्याने नवी भोकं पाडायचो, दरवेळी बाहेरच्या बाजूला. पाय असे सुजायचे की बुटाच्या नाड्या सोडून चालायला लागायचं. चेहरा मात्र वाळत चाललेला. बँडमध्ये ट्यूबा वाजवणारा माणूस, प्रत्येक लग्नाला बीअरचे क्रेट पायाशी ठेवलेले, आणि हे असं पोट. लोकांनी काय समजायचं? मी तरुणपणी प्यायलो नाही असं सांगणार नाही. सगळ्यांबरोबर मीही घ्यायचो. पण तुझी आई गेली त्यानंतर घोटभर घेतली तरी पोटात दगड पडल्यासारखं व्हायचं, म्हणून आपोआपच सुटली. सोडल्याचा डांगोरा काही मी पिटला नाही. पिटून कोणाला खरं वाटलं असतं?

कार्निव्हलचा तो दिवस तुला आठवत असेल, आणि माझ्या आठवणीपेक्षा तुझी जास्त धारदार असेल. तू पहिल्यांदाच मोरेनादाच्या ताफ्यात नाचत होतीस. तो झालरींचा निळा घागरा हुस्ता आत्याने शिवला होता. तुझ्या ओळीमागे आमचा बँड यावा म्हणून मी किती जणांच्या विनवण्या केल्या होत्या, हे तुला कधी सांगितलं नाही. रस्त्याच्या चढावर माझ्या डोळ्यांपुढे काळोख आला. ट्यूबासकट मी आडवा झालो, आणि पितळेचा तो आवाज सगळ्या रस्त्यावर घुमला. दोन्ही बाजूंचे लोक खदाखदा हसले. कोणीतरी कार्निव्हलच्या डब्यातला फेस उडवला माझ्या तोंडावर. "उचला रे, बाजेवाला टाइट झाला!" तू ऐकलंस. तुझ्या मानेवरून मला कळलं, तू ऐकलंस. आणि ताल न चुकवता पुढे गेलीस. मला तुझा राग आला नव्हता, बेनिता. एवढ्या लोकांसमोर मागे वळायचं बळ त्या वयात माझ्यातही नसतं.

त्या संध्याकाळी तू घागरा घडी करत करत म्हणालीस, "आई गेली तेव्हा वाटलं होतं, एकजण तरी उरलाय. पण तुम्हीसुद्धा बाटलीत जाऊन बसलात." मी भिंतीला टेकून श्वास घेत होतो. बोलायला वारा पुरत नव्हता, हे एक. आणि दुसरं म्हणजे सांगायचं काय, ते मलाच माहीत नव्हतं. पुढच्या महिन्यात तू बसमध्ये बसलीस. मी थांब्यावर आलो होतो. गरम अपीचे पेले विकणाऱ्या बाईच्या छपरीमागे उभा होतो, वाफेत. तू मला पाहिलं नाहीस, किंवा पाहिलंस.

तू गेल्यावर मी ओरुरोच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरने पोट दाबलं, बरगडीखाली बोटं रुतवली आणि विचारलं, "किती घेता मास्तर?" म्हटलं, "काहीच नाही." तो हसला. "बँडवाले सगळे हेच सांगतात. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात तुम्हीच होतात ना? पाहिलंय मी." म्हटलं, "डॉक्टर, त्या लग्नात मी वाजवत होतो." तो म्हणाला, "वाजवता वाजवता पिता येतं की." त्याने यकृत खराब झालंय असं लिहिलं, लघवी होण्याच्या गोळ्या दिल्या आणि दारू सोडायला सांगितलं. जी आधीच सुटलेली होती ती आणखी कशी सोडायची, हे मला समजेना. घरी हुस्ता आत्या माझ्या पलंगाखाली झाडू घालून बाटल्या शोधायची. "कुठे लपवतोस रे?" मी म्हणायचो, "शोध. सापडली तर मलाही हाक मार." तिला हसू यायचं नाही. हळूहळू मलाच वाटायला लागलं, की झोपेत उठून कुठेतरी जाऊन पीत असेन बहुतेक. सगळं गाव एक सांगतंय आणि मी एकटा दुसरं. किती दिवस माणूस स्वतःच्या बाजूने उभा राहील?

मग आडवं झोपताच येईना. भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचो. बँडने माझ्या जागी दुसरा ट्यूबावाला घेतला. त्यांचंही बरोबर होतं. माझा ट्यूबा मीच त्याला वापरायला दिला, नुसता कोपऱ्यात पडून काळा पडला असता. खाली कोचाबांबाला गेलं तर श्वास मोकळा होईल असं कोणीतरी म्हणालं, म्हणून आलो. इथल्या मोठ्या इस्पितळात पोटातलं पाणी काढायला मला भरती केलं. काढलं की हलकं वाटायचं, थोड्या दिवसांनी पुन्हा भरायचं.

तिथे एक दिवस डॉक्टर विल्यारोएलबाई आल्या. त्या इकोच्या डॉक्टर. हृदयाचं हलतं चित्र पडद्यावर बघायचं आणि त्याचं काम कसं चाललंय ते सांगायचं, एवढंच त्यांचं काम. त्या आल्या होत्या शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यासाठी. जाता जाता माझ्यापाशी थांबल्या. माझ्या पोटाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मानेकडे बघत राहिल्या. "श्वास आत घ्या. सोडा. पुन्हा घ्या." मग बरोबरच्या शिकाऊ डॉक्टरणीला म्हणाल्या, "ही शीर बघ. नुसतं यकृत बिघडलेल्याची मानेची शीर अशी तट्ट फुगत नाही. आणि श्वास आत घेतला की ती खाली बसायला हवी. ह्यांची वर चढतेय. रक्ताला आत जायला जागाच नाहीये." मग मला विचारलं, "तुम्ही पिता का?" म्हटलं, "नाही." त्या म्हणाल्या, "बरं." आणि लिहायला लागल्या.

फक्त "बरं". त्या माझ्यासाठी तपासण्या नि फोटो लिहून देत होत्या आणि मी भिंतीकडे तोंड करून रडत होतो. त्यांना वाटलं असेल, दुखतंय.

फोटोत ते दिसलं. हृदयाच्या कडेने पांढरी रेघ, अंड्याच्या कवचासारखी. बाईंनी समजावून सांगितलं, की हृदय एका पातळ पिशवीत असतं, आणि माझी ती पिशवी जाड होऊन चुन्यासारखी कडक झाली होती. आतलं हृदय भरायला बघतं, पण पिशवी उघडत नाही. मग मागचं रक्त मागेच तुंबतं. मानेत, यकृतात, पोटात, पायात. "तुमच्या यकृताने काही केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "ते बिचारं दारात अडकून पडलंय." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "मास्तर, घरात कधी कोणाला खूप दिवस खोकला होता का? ताप, बारीक होत जाणं, असं?"

बेनिता, मी तुझ्या आईचं नाव घेतलं. इग्नासिया. खाणीबाहेरच्या ढिगाऱ्यावर बसून ती दगड फोडायची, धातूचे तुकडे वेगळे करायची. तिथल्या सगळ्याच बायका खोकायच्या. सगळे म्हणायचे, धूळ आहे. तीही म्हणायची, "धूळ आहे हो, बसेल." तिच्या शेवटच्या हिवाळ्यात घरात एकच जाड ब्लँकेट होतं, आणि आपण तिघं त्याखाली झोपायचो, तू मधे. बाई म्हणाल्या, "हा क्षय असणार. टीबी. तो फुप्फुसात बसतो तसा कधी कधी ह्या पिशवीतही जाऊन बसतो. तिथे पाणी होतं, मग ते आटतं आणि वर्षांनंतर हे असं कवच उरतं. तुम्हाला कळलंही नसेल." मी विचारलं, "म्हणजे हे तिच्याकडून आलं?" त्या म्हणाल्या, "नक्की कोणी सांगू शकत नाही." त्या वेळी मला काय वाटलं ते तुला कसं सांगू? तिच्यावर राग यायला हवा होता का? मला तर तिची इतकी आठवण आली, की मी बाईंना म्हटलं, जरा पाणी मिळेल का.

औषधं सुरू झाली, आणि काही आठवड्यांनी ऑपरेशन ठरलं. ते कवच सोलून काढायचं. हुस्ता आत्या येणार होती, तिने पिशवीसुद्धा भरली होती. पण तेव्हाच आंदोलनवाल्यांनी रस्ते अडवले. दगड, टायर, ट्रक आडवे. तुला माहीत आहे आपल्याकडे कसं असतं. ती दोनदा निघाली आणि दोनदा ओरुरोजवळच्या काराकोयोवरूनच परत गेली. फोनवर रडत होती. "बेनिताला कळवते मी." मीच नको म्हटलं. ऑपरेशनची भीती घालून पोरीला बोलावून घेतलं, असं मला नको होतं. कागदावर नातेवाइकाची सही हवी तिथे सर्जनने बराच वेळ वाट पाहिली आणि शेवटी म्हणाला, "चला, तुमचीच चालेल."

ऑपरेशनमधलं मला काही आठवत नाही. जे सांगतोय ते मी नंतर विल्यारोएलबाईंकडून खोदून खोदून काढलं. माझ्या घशातून त्यांनी एक लांब नळी उतरवली होती, टोकाला इकोचा डोळा असलेली. अन्ननलिका हृदयाच्या अगदी पाठीला लागून जाते म्हणे. म्हणजे पुढून सर्जन सोलतोय आणि पाठीमागून बाई बघतायत. मनगटाच्या रक्तवाहिनीत एक सुई, तिच्यावर प्रत्येक ठोक्याचा दाब दिसायचा. मानेतून एक नळी हृदयाच्या दारापर्यंत, मागे किती रक्त तुंबलंय ते सांगायला. सर्जनने आधी डावी बाजू मोकळी केली. उजवी आधी केली असती तर तिने पुढे इतकं रक्त ढकललं असतं, की फुप्फुसात पाणीच भरलं असतं. काही ठिकाणी चुना मांसात असा रुतला होता की तो ओढला तर हृदयच फाटेल. तिथे त्याने ते तुकडे तसेच ठेवून दिले. मग उजवी बाजू सुटली, आणि बाई म्हणाल्या, "थांबा. हात काढा. फुगतेय ती." सर्जन म्हणाला, "किती वेळ थांबू?" "मी सांगेन तोवर." इतकी वर्षं आवळून बांधलेलं हृदय. एकदम मोकळं झाल्यावर त्याला कळेना किती उघडायचं ते. वापर नसल्यामुळे भिंती पातळ झालेल्या. दाब घसरत गेला. भूल देणाऱ्याने जोर आणणारं औषध वाढवलं आणि सगळेजण हात वर धरून उभे राहिले. बाई पडद्यावरून नजर न हलवता बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता करा."

शुद्ध आली तेव्हा मी आयसीयूत होतो. तिथे दिवस कोणता हे कळत नाही. डोक्याशी मॉनिटर, त्यावर रंगीत रेघा, आणि त्याचा तो आवाज. मी बाजेवाला माणूस, तालाशिवाय मला चैन पडत नाही. त्या ठोक्यांवर मी मनातल्या मनात आपली संथ मोरेनादा धरायचो, खालचा सूर माझा. मधेच एखादा ठोका चुकला की मीही चुकायचो. रोसमेरी नावाची नर्स होती. किती पाणी प्यायलो, किती लघवी झाली, सगळं ती तासातासाला मोजायची. मी पाणी मागितलं की बोटभर द्यायची. "मास्तर, तुमचं हृदय आत्ताच चालायला शिकतंय. त्याच्या डोक्यावर हंडा ठेवायचा का?" विल्यारोएलबाई सकाळ-संध्याकाळ त्यांचं यंत्र ढकलत यायच्या. छातीवर ते गार जेल लागायचं. पडदा त्यांच्या बाजूला वळलेला असायचा, त्यामुळे तो मला दिसायचा नाही, त्यांचा चेहरा दिसायचा. मी तोच वाचायचा प्रयत्न करायचो.

भेटीची वेळ दुपारी. दार उघडलं की चपलांचे आवाज आत यायचे, आणि प्रत्येक खाटेपाशी कोणीतरी थांबायचं. त्या वेळात मी डोळे मिटून घ्यायचो. झोपलेल्या माणसाकडे कोणी आलं नाही तर ते तितकंसं दिसत नाही. शेजारी कासिमिरो नावाचे गृहस्थ होते, झडपेचं ऑपरेशन झालेले, आणि त्यांची बायको प्रिमितिवाबाई रोज यायची. इकडच्याच खेड्यातली, पांढरी उंच टोपी, दोन वेण्या. एका दुपारी ती नवऱ्याचे पाय चोळत होती आणि माझा मॉनिटर ओरडायला लागला. माझे हात गार पडले. दाब खाली चालला होता आणि मानेतल्या नळीचा आकडा वर. लोक धावले. सर्जन आला आणि म्हणाला, "आत रक्त साचत असेल. हृदय दाबलं जातंय. खोली तयार करा, पुन्हा उघडावं लागेल." मला सगळं ऐकू येत होतं, बेनिता. मला वाटलं, पुन्हा उघडलं तर मी काही परत येत नाही.

गडबडीत माझा पाय कोणीतरी धरला. प्रिमितिवाबाई. रोसमेरी म्हणाली, "बाई, तुम्ही बाहेर व्हा. फक्त घरचे." ती म्हणाली, "मी मावशी आहे त्याची." रोसमेरी म्हणाली, "आठवडाभर त्यांचं कोणीच आलं नाही, आणि आज मावशी?" "रस्ते अडवलेत, तुला माहीत नाही का? बाकीचे कसे येतील?" आणि तिने पाय सोडला नाही. मी तिच्याशी ओळखीचे चार शब्दसुद्धा बोललो नव्हतो.

तेवढ्यात विल्यारोएलबाई आल्या, जेवणावरून उठून आल्या असणार. यंत्र लावलं. सर्जन त्यांच्या खांद्यावरून बघत होता. "लवकर सांगा, नेऊ का?" बाईंनी यंत्राचं टोक बरगड्यांमध्ये ठेवून इकडून बघितलं, पोटावरून वर बघितलं, मला कुशीला वळवून बघितलं. मग म्हणाल्या, "रक्त साचलेलं नाही. कुठेच नाही. उजवी बाजू फुगून दमलीय. ऑपरेशनच्या वेळी झालं तेच हे. उघडू नका. पाणी बंद करा, औषध वाढवा, त्याला वेळ द्या." सर्जन म्हणाला, "खात्री आहे?" त्या म्हणाल्या, "मी इथेच बसते." आणि खरंच स्टूल ओढून बसल्या. थोड्या थोड्या वेळाने ते गार टोक छातीवर ठेवायच्या, बघायच्या, पुन्हा बसायच्या. हळूहळू हात गरम व्हायला लागले. प्रिमितिवाबाई माझ्या पायाशी, बाई माझ्या छातीशी. माझ्या रक्ताचं तिथे कोणी नव्हतं, आणि तरी मी वाचलो.

त्यानंतर चढण सुरू झाली. एकेक नळी निघाली. बाईंनी एकदा पडदा माझ्याकडे वळवला. "बघा, हे तुमचं." राखाडी, ओबडधोबड, उघडतंय, मिटतंय. मला ते बोलू बघणाऱ्या माशाच्या तोंडासारखं वाटलं, आणि तसं मी म्हटल्यावर त्या पहिल्यांदा हसल्या. मग विचारलं, "घरी कोण आहे तुमच्या?" म्हटलं, "एक मुलगी." "कुठे असते?" "लांब."

आता मला रोज सकाळी दवाखान्यात जाऊन नर्ससमोर गोळ्या गिळाव्या लागतात, अजून बरेच महिने. बाईंकडे इकोला जातो. हृदय आता चांगलं भरतंय, त्या म्हणाल्या, जी भिंत हलत नव्हती ती हलतेय. यकृतही सुधारतंय. पोट उतरलंय, जुनी पँट कमरेवर राहत नाही. ओरुरोला वर चढायची परवानगी अजून नाही आणि ट्यूबा फुंकायची तर नाहीच. रविवारी बाहेरच्या अंगणात कोणीतरी चारांगो वाजवत बसतं आणि सगळे हसत असतात. मी खोलीत खुर्चीवर बसून ऐकतो. एकट्याचं जेवण शिजवायला भांडं नेहमी मोठंच पडतं. रोज उरतं. पण ही रड तुझ्यापुढे गावी म्हणून मी कागद घेतला नाही.

हुस्ता आत्याचा फोन आला होता. तू खोकतेस म्हणाली. हिवाळा सरला तरी खोकतेस, संध्याकाळी अंग कढत असतं, आणि व्हिडिओवर तुझ्या गळ्याची हाडं दिसली तिला. तू म्हणालीस, "कापडाची धूळ आहे आत्या, बसेल." हे वाक्य मी पूर्वी ऐकलंय, बेनिता, तुझ्या आईच्या तोंडून. आत्याने तुला तपासून घ्यायला सांगितलं, बाबांना काय झालं होतं तेही सांगितलं, तर तू म्हणालीस, "बाबांचं यकृत दारूने गेलं. त्याचा माझ्या खोकल्याशी काय संबंध?" म्हणून एवढं लांबलचक लिहिलं. संबंध आहे. त्या ब्लँकेटखाली तू मधे होतीस. उद्या सकाळी उठल्याबरोबर, काही खायच्या आधी, दवाखान्यात जा आणि थुंकी तपासायला दे. छातीचा फोटो काढून घे. वेळेत कळलं तर गोळ्यांनी बरं होतं, छाती उघडावी लागत नाही. कारखान्याचा मालक काढून टाकेल म्हणून लपवू नकोस. त्याने काढलं तर इथे ये, खोली लहान आहे पण दोन माणसं मावतात. आणि ह्यातलं काहीच तुला खरं वाटलं नाही, तर नको वाटू देऊस. मला दारुडाच समज, आयुष्यभर समज, माझी काही तक्रार नाही. पण जा.

तुझाच,
बाबा